क्वार्टरबॅक जन्मतो की घडतो?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता; तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे. अकरा जणांच्या संघात क्वार्टरबॅक हा सूत्रधार. चेंडू हाती आल्यावर त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्यांची मांडणी वाचायची, आपला कोणता गडी मोकळा होणार हे ताडायचे आणि अंगावर धावून येणाऱ्या दांडग्यांकडे न पाहता चेंडू फेकायचा.

एवढे सारे एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला उपजत येते काय?

व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून खेळाडू निवडतात. गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याचा पहिला हक्क. नियम न्यायाचा दिसतो. पण वाचकहो, हिशेब मांडून पाहा: सर्वांत गुणी पोर सर्वांत दुबळ्या घरात जाऊन पडते! 2002 साली डेव्हिड कार पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, तोही ह्यूस्टन टेक्सन्स या त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या संघात. त्याचे रक्षण करणारी फळी कच्ची. 16 सामन्यांत त्याला 76 वेळा चेंडूसकट आडवे करण्यात आले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ पाच वेळा. हा नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. 2007 साली संघाने त्याला सोडले. पुढची वर्षे मुख्यतः राखीव म्हणून गेली. दोष पोराच्या हातात होता असे कोण म्हणेल?

याउलट आरन रॉजर्स 2005 साली 24व्या क्रमांकावर निवडला गेला. ग्रीन बे संघाने त्याला ब्रेट फार्व्हच्या मागे तीन हंगाम बसवले. पॅट्रिक मॅहोम्स 2017 साली कॅन्सस सिटीत आला आणि वर्षभरात एकच सामना खेळला. दुसऱ्या वर्षी त्याच्या फेकीवर 50 टचडाऊन झाले. मग बसवून ठेवणे हाच उपाय? तसेही नाही. पेटन मॅनिंग 1998 साली पहिल्या दिवसापासून खेळला, त्याच्या 28 फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या, संघ तीनच सामने जिंकला. पुढच्याच वर्षी तेरा जिंकले! पण त्याचे वडील आर्ची मॅनिंग स्वतः क्वार्टरबॅक होते. मॅहोम्सचे वडील व्यावसायिक बेसबॉलचे गोलंदाज. ज्याला लोक दैवी देणगी म्हणतात ती पुष्कळदा घरातली शिकवणी असते, एवढे माझे मत.

जॉश ॲलनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. कॅलिफोर्नियातील शेतकऱ्याचा हा मुलगा. शाळा संपल्यावर एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारले नाही. दोन वर्षांच्या लहान कॉलेजातून तो वायोमिंगला पोहोचला. हात तोफेसारखा, पण नेम नाही. आणि नेम शिकवून येत नाही, असे जाणकार ठामपणे सांगत. बफेलो संघात 2018 साली त्याच्या शंभरातल्या 53 फेकी आपल्या गड्याच्या हाती पडत. 2019 साली 59, 2020 साली 69. मधल्या काळात फेकण्याची ढब पायांपासून नव्याने बसवली गेली, शिकवणारा प्रशिक्षक बदलला नाही आणि स्टेफॉन डिग्ज हा उत्तम झेल घेणारा जोडीला आला. 2024च्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हाच ॲलन.

उपजत गुणाच्या या भाषेला आणखी एक काळी बाजू आहे. कृष्णवर्णीय मुलाला धावण्याची देणगी असते, पण क्वार्टरबॅकला लागणारी बुद्धी नसते, हा समज तिथे कित्येक दशके मुरलेला होता. आपल्या वाचकांना ही भाषा अनोळखी नाही. वॉरन मूनने 1978च्या जानेवारीत आपल्या विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, तरी जागा बदलण्याचा सल्ला मिळाला आणि निवडीत त्याचे नाव आले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी ओळीने पाच विजेतेपदे मिळवली, तेव्हा कुठे 1984 साली ह्यूस्टनने त्याला बोलावले. 1988 साली डग विल्यम्सने वॉशिंग्टनला सुपर बोल 42-10 असा जिंकून दिला. तिथपर्यंत एकाही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला त्या सामन्यात सुरुवातीपासून खेळायला मिळाले नव्हते. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल व्हायला फेब्रुवारी 2023 उजाडावे लागले. मॅहोम्सच्या संघाने जेलन हर्ट्सच्या फिलाडेल्फियाला त्यात 38-35 असे हरवले.