रेस सोडल्यावरचा धोका

लुना किंवा चेतक चालवलेल्यांना पेट्रोलमध्ये घालायचं टू-टी ऑइल आठवत असेल. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, कारण टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालचा क्रँककेस पंपाचं काम करतो. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचं मिश्रण तिथं ओढलं जातं, खाली येताना तेच सिलिंडरमध्ये ढकललं जातं. जिथून पेट्रोल सतत वाहतं तिथं तेल साठवता येत नाही. म्हणून बेअरिंगला आणि पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलसोबतच पाठवायचं, बहुधा पन्नासास एक या प्रमाणात.

व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. त्यामुळे वजनाच्या मानानं ताकद भरपूर. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचं शर्यतीच्या छोट्या कार्टसाठीचं १२५ सीसीचं इंजिन, म्हणजे चेतकपेक्षाही लहान, तीसेक अश्वशक्ती देतं. कोल्हापूरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या याच इंजिनांवर झाल्या आहेत. त्याच कंपनीच्या ४९७ सीसीच्या, ५० अश्वशक्तीच्या '५०३'नं जगभरची अल्ट्रालाइट विमानं उडवली.

पण तेल पेट्रोलसोबत येतं याचा अर्थ रेस सोडली की तेलही आटतं. मला या इंजिनाची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. आपली समजूत असते की इंजिनाला धोका पूर्ण रेसवर. इथं जोर काढून घेतल्यावरही तो असतो.

जुन्या १०० सीसीच्या कार्टमध्ये क्लच नसे. इंजिन साखळीनं थेट मागच्या आसाला जोडलेलं. सरळ पट्टा संपून वळण आलं की चालक रेस सोडणार, पण चाकं मात्र इंजिनाला भन्नाट वेगात फिरवत राहणार, तेही जवळपास कोरडं. म्हणून रेस सोडण्याच्या क्षणी चालक एक हात मागे नेऊन कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडावर तळवा धरत. हवा अडली की पेट्रोल जास्त ओढलं जाई आणि त्यासोबत तेलही. ताशी शंभरहून अधिक वेगात, एका हातानं स्टिअरिंग सांभाळत! यापेक्षा चांगली इंजिनाची समज मला दुसरीकडे दिसत नाही.

विमानात हीच अडचण वेगळ्या रूपात येते. नाक खाली करून रेस अर्धवट कमी केली की समोरून येणारा वारा पंख्याला फिरवू लागतो. इंजिनावरचा भार उतरतो, फेरे टिकून राहतात आणि मिश्रण विरळ होतं. विरळ मिश्रण जास्त तापतं, ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. म्हणून एक्झॉस्टच्या तापमानाच्या काट्यावर वैमानिकाची नजर असते. '५०३'ची मर्यादा ६५० अंश सेल्सिअस.

रोटॅक्सच्याच, पाण्यानं थंड होणाऱ्या '५८२' इंजिनाचं दुखणं उलट आहे. बराच वेळ कमी रेसवर उतरताना सिलिंडर गार पडतो. मग एकदम पूर्ण रेस दिली तर पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि इंजिन जाम होतं. त्यावर उपाय साधा आहे: उतरताना मधूनमधून थोडी रेस देऊन इंजिन उबदार ठेवायचं आणि शेवटची रेस हळूहळू वाढवायची.