नुकसान तर काही नाही ना?



सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसाला रुग्णालयाचा रस्ता कोणाला विचारावा लागत नाही. रिंग रोडने थोडे पुढे गेले की सफदरजंग रुग्णालय लागते आणि त्याच्यासमोर, रस्त्यापलीकडे, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. एका हिवाळ्यात माझ्या पत्नीचे मामा साताऱ्याहून दिल्ली पाहण्यास म्हणून आमच्याकडे आले आणि येथेच आजारी पडले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला व त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. त्यांचा मुलगा रात्री जिन्यात मला हळूच म्हणाला, “दाजी, शिरेतून व्हिटॅमिन सी भरपूर दिले तर असा माणूस उठून बसतो म्हणतात. डॉक्टरांना सांगून बघू का? शेवटी ते लिंबा-आवळ्यातलेच सत्त्व. नुकसान तर काही नाही ना?”

“नसावे,” असे मी म्हणालो. पुढे या विषयावर जे वाचले, त्याने हे उत्तर मी किती सहज देऊन टाकले याची मला लाज वाटली.

या कल्पनेच्या मुळाशी काही तथ्य नव्हते असे मात्र नाही. हे जीवनसत्त्व तोंडाने कितीही घेतले तरी आतडी त्यातले ठरावीकच शोषून घेतात आणि अधिक झालेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. शिरेवाटे दिले असता मात्र रक्तातील त्याचे प्रमाण कित्येक पटींनी चढते. म्हणजे औषध एकच असले तरी दोन वाटांनी दिल्यास ती जणू दोन औषधे होतात. कर्करोगाच्या बाबतीत झालेला वाद याच कारणाने लांबला. १९७६ साली यूअन कॅमेरॉन व नोबेल पारितोषिक विजेते लायनस पॉलिंग यांनी, हे सत्त्व दिलेले १०० असाध्य रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगले, असे प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७९ व १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तसा गुण आढळला नाही. परंतु मेयोच्या रुग्णांना ते केवळ तोंडाने दिले होते. कॅमेरॉन यांचे उपचार शिरेपासून सुरू होत. त्यामुळे शिरेच्या वाटेचा प्रश्न अनिर्णीतच राहिला आणि कर्करोगापुरता तो आजही लहान लहान प्रयोगांतून तपासला जात आहे.

आता जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या गंभीर आजाराकडे वळू. या आजाराला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. त्यात रुग्णाच्या रक्तातील ‘क’ जीवनसत्त्व फार घटते, तेव्हा घटलेले भरून काढावे हा विचार साधा व पटणारा आहे. २०१७ साली अमेरिकेतील डॉ. पॉल मॅरिक यांनी ४७ रुग्णांना हे जीवनसत्त्व, थायमिन व हायड्रोकॉर्टिझोन अशी तिन्ही औषधे दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण ८.५ टक्के होते. त्याआधीच्या ४७ रुग्णांत ते ४०.४ टक्के होते. ही बातमी जगभर पसरली यात नवल नाही. तथापि, ही तुलना आधीच्या व नंतरच्या रुग्णांची होती. दोन काळांतील रुग्ण, परिचारिका, ऋतू, सारेच वेगळे असू शकते.

यावर उपाय जुनाच आहे. १७४७ साली जेम्स लिंड या नाविक वैद्याने स्कर्व्हीने आजारी अशा १२ खलाशांचे सहा जोड केले, प्रत्येकाला निराळा उपचार दिला आणि संत्री-लिंबे खाणारा जोड सर्वांत लवकर सुधारल्याचे पाहिले. आज यात चिठ्ठी टाकण्याची पद्धत मिळाली आहे. कोणाला औषध व कोणाला नुसते द्रावण हे नशिबावर सोडायचे आणि रुग्णाला व डॉक्टरांनाही ते कळू द्यायचे नाही. असे प्रयोग सुरू झाले. २०१९ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात १६७ रुग्ण होते. आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापांत त्यात फरक पडला नाही, मृत्यू मात्र कमी दिसले आणि आशा टिकून राहिली. २०२२ साली ‘लोव्हिट’ नावाच्या प्रयोगाचा निकाल लागला. त्यात ८७२ रुग्ण होते. चार दिवसांपर्यंत दर सहा तासांनी, शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम, असे त्याचे प्रमाण होते. अठ्ठाविसाव्या दिवशी मृत्यू पावलेले किंवा अवयव बंद पडल्याने यंत्रांच्या वा औषधांच्या आधारावरच असलेले रुग्ण मोजले. जीवनसत्त्व मिळालेल्यांत ते ४४.५ टक्के, न मिळालेल्यांत ३८.५ टक्के निघाले.

“नुकसान तर काही नाही ना?” या प्रश्नाला मिळालेले उत्तर ते हे. शिवाय मोठ्या मात्रेने मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साठू शकतात. जी-६-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. काही ग्लुकोमीटर साखर खोटीच वाढलेली दाखवतात आणि तेवढ्यावरून कोणी इन्सुलिन वाढवले, तर अनर्थ ओढवतो. आवळा खाण्यात आणि त्यातले सत्त्व शेकडो पटींनी शिरेत सोडण्यात एवढे अंतर आहे.

मग सामान्य माणसाने काय करावे? आमच्या घरापासून जवळच, अन्सारी नगरात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे कार्यालय आहे. परिषदेने २००७ साली भारतातील वैद्यकीय प्रयोगांची एक नोंदवही उघडली आणि २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद तीत आधीच करणे बंधनकारक झाले. काय मोजणार हे आरंभीच लिहून ठेवले, की निकाल हाती आल्यावर सोयीचे तेवढे सांगता येत नाही. कार्यालयातील टिपणीलाही हाच न्याय लागू असल्याने मला त्याचे महत्त्व चटकन पटले. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. कोणी नव्या उपचाराचा आग्रह धरला, तर हा प्रयोग आहे काय, त्याची नोंद आहे काय, आणि रुग्णाची लेखी संमती घेणार काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास वैद्यक शिकलेले असण्याची गरज नाही.

मामांच्या डॉक्टरांनी आमची सूचना शांतपणे ऐकली आणि नाकारली. वेळेवर दिलेली प्रतिजैविके, सलाईन व परिचारिकांचे जागरण यांवर मामा सतराव्या दिवशी घरी आले. ते त्या सत्त्वावाचून बरे झाले, एवढ्यावरून ते सत्त्व निरुपयोगी ठरत नाही. ते घेऊन बरे झाले असते, तर तेवढ्यावरून उपयोगीही ठरले नसते. त्यांचा मुलगा मात्र गाडीत बसताना मला म्हणाला, “दाजी, त्या रात्री तुम्ही ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणाला असता तरी मला चाललं असतं.” तेव्हापासून असा प्रश्न कोणी केला, तर मी तेच उत्तर देतो.