प्रवाळाचं कीर्तन, वऱ्हाडीत

मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांवरचा शास्त्रीय लेख अमरावती-अकोल्यात कोण वाचणार? मग त्याचं कीर्तन करा की! गाडगेबाबांची पद्धत इथलीच: प्रश्न विचारायचा, उत्तर लोकांकडूनच काढायचं. मी केलेला हा नमुना:

"प्रवाळ दगड हाय का?"
"हाव!"
"नाही बाप्पा, जित्ता प्रानी हाय थो. त्याले रंग अन् जेवन कोन देते? आंगातलं बारीक शेवाळ. पानी तापलं त?"
"शेवाळ जाते!"

मात्र रूपांतरात एक गोष्ट हमखास गळते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम १ अंशानं जास्त, तेही काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ पांढरा पडतो. पण लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर सावरतो. 'प्रवाळ मेले' असा मथळा देणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

बारीक जिवांमुळे रंग बदलतो याचा दाखला जवळचा हवा तर लोणार घ्या. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. फक्त दोन्हींची सरमिसळ नको: लोणारला जीव वाढल्यानं रंग चढला, प्रवाळाचा रंग आंतलं शेवाळ निघून गेल्यानं उतरतो.

खंजिरीवर कुणी बसवतंय का हे?