एक खेळाडू, एक शहर, दोन निरोप

लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड दोनदा सोडलं. पहिल्यांदा, जुलै २०१० मध्ये, लोकांनी त्याच्या नावाच्या २३ नंबरच्या जर्सी रस्त्यावर आणून पेटवल्या. दुसऱ्यांदा तो गेला २०१८ मध्ये, आणि काही महिन्यांनी परक्या संघाकडून खेळायला आला तेव्हा त्याच शहराने उभं राहून टाळ्या वाजवल्या. माणूस तोच, शहर तेच, सोडून जाणंही तेच. मग एकदा इतका संताप आणि एकदा इतकी माया कशी? घरचा खेळाडू संघ सोडतो तेव्हा चाहत्यांच्या मनात काय घडतं, हे समजून घ्यायला या दोन निरोपांसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आधी नातं कसं जुळलं ते पाहू. लेब्रॉन ॲक्रनचा. क्लीव्हलँडपासून साधारण ६० किलोमीटरवरचं हे गाव टायरच्या कारखान्यांवर वाढलं आणि कारखाने गेल्यावर खंगलं. तो जन्मला तेव्हा आई सोळा वर्षांची होती. लहानपण घरं बदलण्यात गेलं. शाळेत असतानाच त्याचे सामने देशभर टीव्हीवर दिसू लागले. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, नवा खेळाडू आपला संघ स्वतः निवडत नाही. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांमध्ये सोडत निघते आणि पहिली निवड कोणाची ते ठरतं. क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सने त्या हंगामात ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले होते. २००३ ची सोडत त्यांनाच लागली आणि शेजारगावचा अठरा वर्षांचा पोरगा त्यांच्या पदरात पडला. शहराला ते देवाने दिलेलं दान वाटलं. लेब्रॉनला मात्र कोणीच विचारलं नव्हतं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. चाहत्यांनी ज्याला वचन मानलं, ते त्याने कधी दिलंच नव्हतं.

नातं एकतर्फी असलं तरी ते खोटं नसतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. सात अमेरिकी विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात येणाऱ्या मुलांचे कपडे पाहिले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसत. बोलण्यातही तेच. जिंकलो तर ‘आपण’ जिंकलो, हरलो तर ‘ते’ हरले. आपल्याकडेही मॅच जिंकल्यावर ‘आपण मारली’ म्हणणाऱ्याने हातात बॅट धरलेली नसते. घरचा खेळाडू या ‘आपण’चा सर्वांत पक्का धागा असतो. त्याची बोली आपली, शाळा आपल्या ओळखीची. तो जिंकला की आपली माती जिंकली. म्हणूनच तो गेला की एक खेळाडू कमी झाला, एवढ्यावर भागत नाही.

त्यात क्लीव्हलँड हे शहर आधीच पोळलेलं. १९५० मध्ये तिथे नऊ लाखांवर माणसं राहत होती. २०१० मध्ये चार लाखही उरली नाहीत. पोलादाची कामं गेली, तरुण पोरं दुसरीकडे गेली. १९६४ नंतर शहरातल्या एकाही मोठ्या व्यावसायिक संघाने विजेतेपद मिळवलं नव्हतं. १९९५ मध्ये तर फुटबॉलच्या ब्राउन्स संघाच्या मालकाने अख्खा संघ उचलून बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. अशा गावात, मध्यवस्तीतल्या इमारतीवर, दोन्ही हात पसरून उभ्या लेब्रॉनचा दहा मजली फलक लावलेला होता. सगळे गेले, पण हा आहे, असं तो फलक रोज सांगत होता.

२०१० मध्ये त्याचा करार संपला. इथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. एनबीएमध्ये खेळाडूला त्याचा जुना संघ इतरांपेक्षा जास्त पैसे देऊ शकतो. म्हणजे लेब्रॉन गेला तो पैशाच्या मागे गेला नाही; उलट थोडे कमी पैसे घेऊन ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या नावाजलेल्या खेळाडूंसोबत खेळायला मायामीला गेला. वरवर पाहता यामुळे राग कमी व्हायला हवा. झालं उलटं. पैशासाठी गेला असता तर लोकांनी ‘पोटासाठी गेला’ म्हणून मन समजावलं असतं. कमी पैशात गेला याचा अर्थ एकच निघत होता: तुमच्याबरोबर राहून मी जिंकू शकत नाही. हा घाव जास्त खोल गेला.

आणि सांगण्याची तऱ्हा! ८ जुलैच्या रात्री दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम ठेवून, साऱ्या देशासमोर त्याने मायामीचं नाव घेतलं. त्यातून मुलांच्या संस्थेला मोठी देणगी मिळाली, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. घर सोडणारा मुलगा आधी घरात सांगतो. इथे घरच्यांना ते चावडीवर, सगळ्या गावाबरोबर कळलं. त्याच रात्री संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना उघड पत्र लिहून त्याला दगाबाज ठरवलं आणि त्याच्याआधी आपणच विजेतेपद जिंकू अशी गर्जना केली. एनबीएने त्यांना एक लाख डॉलर दंड केला.

२ डिसेंबर २०१० ला तो मायामीकडून क्लीव्हलँडमध्ये उतरला. सामन्याआधी तळहातावर पांढरी पूड घेऊन हवेत उधळायची त्याची सवय होती. याच मैदानावर लोक त्या क्षणाची वाट पाहत. त्या रात्रीही त्याने पूड उधळली. वर ढग तसाच उठला, खाली हुर्यो मात्र थांबत नव्हती. त्याने ३८ गुण केले, मायामीने सामना ११८–९० असा सहज जिंकला. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडने त्या हंगामात फक्त १९ जिंकले.

मग २०१४ मध्ये तो परत आला. या वेळी मासिकात एक शांत पत्र छापून, ओहायोशी असलेल्या नात्याबद्दल लिहून. १९ जून २०१६ ला अंतिम फेरीचा सातवा सामना. मालिकेत क्लीव्हलँड १–३ असं मागे पडून बरोबरीत आलेलं. दोन मिनिटांहून कमी वेळ, ८९–८९. प्रतिस्पर्धी संघाच्या आंद्रे इग्वाडालाने बास्केटजवळ चेंडू सोडला आणि मागून धावत आलेल्या लेब्रॉनने तो फळ्यावर दाबून अडवला. ९३–८९. बावन्न वर्षांनी शहर जिंकलं आणि तो मैदानावर पडून रडला.

म्हणून २०१८ चा निरोप वेगळा ठरला. १ जुलैला त्याच्या एजन्सीने छोटंसं पत्रक काढलं, तो लॉस एंजेलिसला गेला. ना कार्यक्रम, ना गाजावाजा. लोकांच्या मनातला हिशेब फिटला होता.

तो हिशेब नेहमी खेळाडूच्याच नावावर मांडला जातो, हे मला अन्यायाचं वाटतं. आपल्या क्रिकेटमध्येही तेच. बडोद्यात वाढलेला हार्दिक पंड्या २०२३ मध्ये आयपीएलमधला गुजरातचा संघ सोडून मुंबई इंडियन्सकडे आला. व्यवहार दोन संघांच्या मालकांमधला होता, रोहित शर्माकडून मुंबईचं कर्णधारपद काढून हार्दिकला देण्याचा निर्णयही व्यवस्थापनाचा. तरी हुर्यो अहमदाबादेत हार्दिकची झाली आणि १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवरही त्याचीच. मालक बदलतात, प्रशिक्षक हाकलले जातात, खेळाडू एका फोनवर विकले जातात. तेव्हा कोणी जर्सी जाळत नाही. चाहत्याचं दुःख खरं आहे, पत्ता मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो.

४ जुलै २०२४ ला, विश्वचषक घेऊन भारतीय संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच स्टँडमधून हार्दिकच्या नावाचा गजर झाला. आणि लेब्रॉनने क्लीव्हलँड दुसऱ्यांदा सोडलं त्याच महिन्यात, ३० जुलै २०१८ ला, ॲक्रनमध्ये त्याच्या संस्थेच्या मदतीने अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी शाळा सुरू झाली. ती आजही त्याच गावात आहे.