ड्रोन उडवण्याआधी ढगाची उंची पाहा



उसावर फवारणी आणि फडाची पाहणी यांसाठी आता ड्रोन येऊ लागले आहेत. "पाऊस तर नाही, मग उडवायला काय हरकत?" असे पुष्कळजण आम्हाला विचारतात. म्हणून हा खुलासा.

फवारणीचा ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटरच वर उडतो. ढग त्याच्या आडवा येत नाही. पण ढग खाली उतरले असले की झिमझिम कधी सुरू होईल याचा नेम नसतो. औषध धुऊन गेले की पैसे पाण्यात! पाहणीचा ड्रोन मात्र उंच जातो. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात 120 मीटरपर्यंत, म्हणजे 400 फुटांपर्यंत, उडवता येतो. पण तो नजरेसमोर हवा. ढगात शिरला की तो दिसेनासा होतो आणि ओलही धरतो.

नुसत्या नजरेने ढगाची उंची कळत नाही. त्यासाठी दोन सोप्या युक्त्या आहेत.

पहिली डोंगराची. ढगाने जवळच्या डोंगराचा माथा झाकला, तर ढग त्या माथ्याहून खाली आहे. नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. तीतून आपल्या गावाची उंची वजा करावी. कारखान्याच्या चिमणीचे टोक दिसत नसेल, तर मग हिशेबच नको!

दुसरी दवाची. पातळ पत्र्याच्या चकचकीत डब्यात पाणी घेऊन थोडा थोडा बर्फ टाकत ढवळा. डब्याला बाहेरून दव धरताच पाण्याचे तापमान पाहा. ते सावलीतल्या हवेच्या तापमानातून वजा करून 125 ने गुणा. हवा 28 अंश आणि दव 24 अंशांना धरले, तर फरक 4. ढगाचा तळ सुमारे 500 मीटरवर. फरक 1 असेल, तर 125 मीटर, म्हणजे ड्रोनच्या डोक्यावरच! यासाठी ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, साधा तापमापक घ्यावा.

असे का? वर चढणारी हवा दर 100 मीटरला सुमारे 1 अंश थंड होते आणि दव धरण्याइतकी गार झाली की ढग बनतो. हा हिशेब दुपारच्या कापसासारख्या ढगांचा आहे. सकाळच्या धुक्याला तो लावू नये. तिथे डोंगरच खरा. आणि गडगडाट ऐकू आला, तर ढग कितीही उंच असो, ड्रोन खाली घ्यावा.

शंका आली तर ड्रोन पेटीतच राहू द्या. फड कुठं पळून जात नाही!