शर्यतींतील सख्य

जालना रस्त्यानें छत्रपती संभाजीनगराबाहेर पडलें कीं शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. शहराचें नांव औरंगाबाद होतें त्या काळीं, २००१ सालीं, तेथें स्कोडा कंपनीच्या ऑक्टेव्हिया गाड्यांची जुळणी सुरू झाली. २००४ सालीं तिची 'आर. एस.' ही आवृत्ति आली, १.८ लिटरचें टर्बो इंजिन आणि दीडशें अश्वशक्ति. सहकुटुंब देवदर्शनास जाण्यासाठीं वडिलांनीं घेतलेली ही ऐसपैस गाडी पुढें मुलांच्या हातीं पडून हौशी शर्यतवाल्यांची लाडकी होईल, असें त्या वेळीं कोणास वाटलें असेल? सरकारी नियमानें पन्नास वर्षें झाल्याखेरीज मोटार 'विंटेज' ठरत नाहीं. पण प्रेमाला एवढा धीर कोठून असणार!

या शर्यतीला 'ड्रॅग रेस' म्हणतात. दोन गाड्या शेजारीं उभ्या करावयाच्या, दिवा लागतांच सुटावयाचें आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, सरळ जावयाचें. पंधरा-सोळा सेकंदांत सारें आटोपतें. तयारीला मात्र महिने लागतात, आणि मैत्री जमते ती तेथें. जुन्या गाडीचा सुटा भाग दुकानांत मिळत नाहीं. तो ज्याच्यापाशीं असतो तो बहुधा आपला प्रतिस्पर्धीच असतो.

येथें आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते. १९३० सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्यानें विमान नेण्याबद्दल आगाखान यांनीं बक्षीस ठेवलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडाहून. मिसर देशांत अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, तों अ‍ॅस्पी स्पार्क प्लगांवांचून अडकलेला! टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. त्यानें आपलें जीवरक्षक जाकीट टाटांस दिलें. बक्षीस अ‍ॅस्पीनें कांहीं तासांच्या अंतरानें जिंकलें. १९६० सालीं तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

मोटारींच्या शर्यतींतही असला जिव्हाळा टिकावा असा एक नियम अमेरिकेंत रूढ आहे. आपली गाडी किती सेकंदांत अंतर काटील तें प्रत्येकानें आधींच सांगावयाचें. मंद गाडीला तेवढ्या फरकानें अगोदर सोडावयाचें. आणि सांगितल्यापेक्षां लवकर पोंचणारा बाद! त्यामुळें म्हातारी गाडी नव्या गाडीशेजारीं मानानें उभी राहते. आम्हांस हा नियम फार आवडला.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांची काळजी निराळी आहे व ती रास्त आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. आणि रस्त्यावर शर्यतीशीं कांहींएक संबंध नसलेला सायकलस्वारही असतो. अमेरिकेंत वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं संस्था काढली ती तरुणांना रस्त्यावरून धावपट्टीवर आणण्यासाठींच. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरम् येथें युद्धकाळच्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि गेल्या दशकांत लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या. संभाजीनगराहून तेथवर तीनशें किलोमीटरांहून अधिक प्रवास. एकट्यानें कोण जाणार? मागच्या गाडींत जॅक, हत्यारें व डबे घेऊन मित्र असावे लागतात. शर्यत संपली कीं चौघे मिळून शर्यतीचीं चाकें उतरवतात व नेहमींचीं चढवतात. कारण सोमवारीं त्याच गाडींतून आजोबांस दवाखान्यांत न्यावयाचें असतें.