गवतावरची चाकं

यंदा आमच्या घरी आकाशकंदिलाचं सामान आणि विमानाची चाकं एकाच डब्यात सापडतील. दोन्ही मीच ठेवली आहेत, त्यामुळे कुणावर ओरडायची सोय नाही.

आमच्या ११ वर्षांच्या चिरंजीवांनी वाढदिवसाचे साठवलेले पैसे खर्चून रेडिओवर उडणारं फोमचं विमान घेतलं. पंख सव्वा मीटरचे, वजन किलोभर. डेटनच्या बाहेर हौशी मंडळींचं मैदान आहे. डांबरी पट्टी नाही, नुसतं कापलेलं गवत. पहिले तीन रविवार विमान जमीन सोडेना. वीसेक फूट धावायचं, अडखळायचं आणि नाकावर आपटायचं. दोन प्रॉपेलर मोडले. तिसऱ्या रविवारी परतताना लेक खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, विकून टाकू या."

इथे येण्याआधी मी सात वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. आता व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, ते जाऊ दे. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण वर्गातला एखादा मुलगा तेच गणित तिसऱ्यांदा चुकला, तर मी आधी फळ्यावर काय लिहिलंय ते तपासायचे.

म्हणून पट्टी घेऊन बसले. पेटीतून आलेली चाकं २ इंचांची, कडक प्लास्टिकची. म्हणजे आस जमिनीपासून जेमतेम एक इंचावर. मैदानावरचं गवत दीड इंच, आठवडाअखेर त्याहूनही जास्त. चाक गवतावरून चालतच नव्हतं, आसापर्यंत त्यात बुडलेलं होतं.

त्या सकाळी कराडकडे आबांना व्हिडिओ कॉल लावला. एरवी लेक "नमस्कार आबा, बरा आहे" एवढं बोलून सटकतो. त्या दिवशी त्याने विमान कॅमेऱ्यासमोर धरलं. आबांनी चष्मा पुसला. "आरं, गवत केवढं न् चाक केवढं! बैलगाडीचं चाक छातीला लागतंय, ते कशापायी? ल्हान चाक ढेकळाला थडकतं, मोठं त्याच्यावर चढतं." लेकाने विचारलं, "ढेकूळ म्हणजे?" मी सांगणार होते, पण आबाच उठले आणि परसातून एक घेऊन आले. मग अर्धा तास दोघंच बोलत होते.

आम्ही ३ इंची चाकं घ्यायचं ठरवलं. दुकानात दोन प्रकार होते, रबरी आणि फोमची. दोन्ही आणली आणि वेलदोडे मोजायच्या काट्यावर ठेवली. रबरी जोडी ९० ग्रॅम, फोमची २६. एवढ्याशा विमानाला रबराचं ओझं कशाला? उतरताना तारेचे पायही त्या वजनाने वाकतात. डांबरावर फोम लवकर झिजतं, पण आमच्याकडे डांबर आहेच कुठे! रुंद चाकांच्या मोहात मात्र पडू नका. मऊ, ओल्या जमिनीवर रुंदी कामाची. गवतात उंचीच तारते. चाकांवरची शोभेची टोपणं आम्ही आधीच काढून टाकली होती, त्यात गवत कोंबलं जायचं.

तरीही चौथ्या रविवारी नाक टेकलंच. मैदानावरच्या एका निवृत्त आजोबांनी विमान उचलून पंखांखाली दोन बोटांवर तोललं. आमचं विमान शेपटीला छोटं चाक असलेलं. अशा विमानात मुख्य चाकं तोलाच्या बिंदूच्या बऱ्यापैकी पुढे हवीत. त्यांनी तारेचे पाय हलकेच पुढे वाकवले, आस पंखाच्या पुढच्या कडेखाली येईपर्यंत. फार पुढे नेले तर विमान धावताना गरकन वळतं, हेही बजावलं. आणि धाव सुरू होताना काठी मागे ओढून शेपूट खाली दाबून धरायची.

मधल्या एका शनिवारी आम्ही हफमन प्रेरी बघून आलो. घरापासून अर्ध्या तासावर आहे, तरी इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. राईट बंधूंनी १९०४ आणि १९०५ साली याच कुरणावर सराव केला. त्यांच्या त्या विमानांना चाकं नव्हतीच. खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या; विमान लाकडी रुळावरून सोडायचे आणि मनोऱ्यावरून वजन खाली पाडून त्याला ओढ द्यायचे. चाकं दिसतात ती १९१० च्या मॉडेल बी ला. लेक मनोऱ्याच्या प्रतिकृतीकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे त्यांनाही गवताचा त्रास होता?"

पाचव्या रविवारी विमान उडलं. चार मिनिटं. उतरताना दोनदा उसळलं, पण उभं राहिलं. माझे हात इतके थरथरत होते की व्हिडिओत निम्मं आभाळच आलंय.

तोच आबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि नातवाला विचारलं, "आसाला वंगण घातलंस का?"

घातलं नव्हतं.